रस्त्यावरचें मीठ

उन्हाळ्यांत घरीं पॉटचें आइस्क्रीम करण्याची ज्यांना हौस आहे, त्यांना बर्फ आणि मीठ यांचें नातें निराळें सांगावयास नको. लाकडी बादलींत बर्फाचा चुरा घालावयाचा, त्यावर मूठमूठ खडेमीठ पेरावयाचें आणि मधल्या डब्याचा दांडा फिरवीत राहावयाचें. थोड्याच वेळांत बर्फ भराभर वितळूं लागतो; पण नवल असें कीं, तो वितळत असतां बादलींतील थंडी उतरण्याऐवजीं वाढते आणि डब्यांतील दूध गोठून घट्ट होतें. वितळणारा बर्फ आपल्या वितळण्यासाठीं लागणारी उष्णता आसपासच्या पदार्थांतून ओढून घेतो, हें त्याचें कारण. आपल्याकडे या क्रियेच्या थंडीचा उपयोग झाला. उत्तर अमेरिका व युरोप येथील थंड मुलुखांत मात्र थंडी अगोदरच मुबलक. तेथें लोकांना या क्रियेचें दुसरें फळ हवें होतें, तें म्हणजे बर्फाचें झालेलें पाणी. रस्त्यावर मीठ टाकण्याच्या प्रथेचा उगम या साध्या गरजेंत आहे.

मीठ म्हटलें म्हणजे स्वयंपाकघरांतील एकच पदार्थ डोळ्यांपुढें येतो. परंतु रसायनशास्त्रांत लवणांचें कूळ फार मोठें आहे, आणि बर्फ वितळविण्याचा गुण त्यांतील एकाच लवणाचा मक्ता नाहीं. साधें मीठ, कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम क्लोराइड, सिर्क्याच्या आम्लापासून केलेलीं अ‍ॅसिटेट जातीचीं लवणें, इतकेंच नव्हे तर शेतांत खत म्हणून टाकला जाणारा युरियासुद्धां या कामीं योजला गेला आहे. मग यांपैकीं सर्वांत परिणामकारक कोणतें? प्रश्न सरळ दिसतो. पण रसायनशास्त्रज्ञानें त्याचें एक उत्तर दिलें, रस्ते सांभाळणाऱ्या अभियंत्यानें दुसरें दिलें, आणि पुढें विहिरींनीं, पुलांनीं व सरोवरांनीं तिसरेंच दिलें. या तीन उत्तरांचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे.

शास्त्राचें उत्तर आधीं तयार झालें. १७२४ सालीं फॅरनहाइट यानें आपल्या उष्णतामापकाची मांडणी प्रसिद्ध केली, तेव्हां बर्फ, पाणी व नवसागर यांच्या मिश्रणाची थंडी त्यानें शून्य अंश म्हणून धरली. म्हणजे लवणानें पाण्याचा गोठणबिंदु खालीं जातो, ही गोष्ट त्या काळीं प्रयोगशाळेंत नित्याची झाली होती. पण किती लवणानें तो किती खालीं जातो? १७८८ सालीं इंग्लंडांत चार्ल्स ब्लॅग्डेन यानें मोजमाप करून दाखविलें कीं, द्रावण फार दाट नसेल तर लवण दुप्पट केल्यानें गोठणबिंदूची घसरणहि दुप्पट होते. पुढें जवळ जवळ शंभर वर्षांनीं फ्रान्समध्यें राऊल यानें अनेक पदार्थ तपासून असें ठरविलें कीं, महत्त्व पदार्थाच्या वजनाला नसून पाण्यांत विखुरलेल्या त्याच्या कणांच्या संख्येला आहे. मात्र साधें मीठ हिशेबापेक्षां जवळ जवळ दुप्पट काम करी. याचा उलगडा स्वीडनच्या अर्‍हेनियस यानें १८८७ सालीं केला. मीठ पाण्यांत विरघळतांच त्याच्या प्रत्येक रेणूचे दोन विद्युद्भारित तुकडे होतात, आणि कॅल्शियम क्लोराइडचे तीन होतात, असें त्याचें प्रतिपादन होतें. त्याला १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

या नियमाचें फलित मात्र पहिल्या ऐकण्यांत थोडें चकित करतें. तीन तुकडे होणारें कॅल्शियम क्लोराइड दोन तुकडे होणाऱ्या मिठापेक्षां सरस असावें, असें सहज वाटतें. पण त्याचा रेणु वजनदार असल्यामुळें एका किलोंत रेणूंची संख्या कमी भरते. एक किलो साध्या मिठांतून जितके कण सुटतात त्यांना १०० मानलें, तर एक किलो निर्जल कॅल्शियम क्लोराइडमधून सुटणारे कण सुमारें ७९ भरतात. मॅग्नेशियम क्लोराइडच्या स्फटिकांत तर अर्ध्याहून अधिक वजन पाण्याचेंच असतें, म्हणून त्यांतून ४३ च्या आसपास. आणि ज्याचे तुकडेच होत नाहींत त्या युरियांतून ४९. थंडी बेताची असेल, म्हणजे पारा शून्याच्या किंचित् खालीं असेल, तेव्हां वजनास वजन धरतां स्वयंपाकघरांतील साधें मीठ या सर्वांवर मात करतें.

पण थंडी नेहमींच बेताची नसते. प्रत्येक लवणाला एक तळ आहे. त्या तळाखालीं त्याचें द्रावणहि गोठतें. साध्या मिठाच्या बाबतींत हा तळ शून्याखालीं २१ अंश सेल्सिअसवर आहे, आणि तोहि पाण्यांत मिठाचें प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास असेल तरच. मॅग्नेशियम क्लोराइडचा तळ शून्याखालीं ३३ अंशांवर, कॅल्शियम क्लोराइडचा सुमारें ५० अंशांवर, तर युरियाचा अवघा १२ अंशांच्या आसपास. शिवाय तळ गांठण्यापूर्वींच लवणाची शक्ति झपाट्यानें ओसरते. शून्याखालीं १ अंशावर एक किलो मीठ सुमारें ४६ किलो बर्फ वितळवूं शकतें. शून्याखालीं ७ अंशांच्या सुमारास साडेआठ-नऊ किलो. आणि शून्याखालीं १८ अंशांवर जेमतेम पावणेचार किलो. तेंहि वितळण्यास इतका वेळ लागतो कीं, तोंवर रस्त्यावरची वाहनें थांबून राहणार नाहींत. म्हणून व्यवहारांत शून्याखालीं ९-१० अंशांच्या पलीकडे साध्या मिठावर भिस्त ठेवीत नाहींत.

येथें कॅल्शियम क्लोराइडचा खरा गुण दिसून येतो. कोरडें मीठ बर्फावर पडलें तरी ओलावा मिळून तें विरघळेपर्यंत स्वस्थ बसून राहतें, आणि विरघळतांना थोडी उष्णता स्वतःच शोषून घेतें. कॅल्शियम क्लोराइड हवेंतील दमटपणा स्वतः ओढून घेतें, आणि विरघळतांना चांगलीच उष्णता बाहेर टाकतें. त्यामुळें कडाक्याच्या थंडींत तें लवकर कामाला लागतें. हा पदार्थ उद्योगधंद्याच्या उकिरड्यांतून पुढें आला. १८६१ सालीं बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे यानें मीठ व चुनखडी यांपासून धुण्याचा सोडा करण्याची जी रीत काढली, तिच्यांत शेवटीं कॅल्शियम क्लोराइड उरतें. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील सिरॅक्यूज शहराजवळ १८८० नंतरच्या दशकांत या रीतीचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि त्याचें खारें सांडपाणी शेजारच्या ओनोंडागा सरोवराला वर्षानुवर्षें सोसावें लागलें. ज्या पदार्थाला गिऱ्हाईक नव्हतें, त्याला मातीच्या रस्त्यांवरची धूळ बसविण्याच्या व पुढें बर्फ वितळविण्याच्या कामानें गिऱ्हाईक मिळालें.

आतां रस्त्यांकडे वळूं. एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन माणसाला हिंवाळ्यांत रस्त्यावरचें हिम नकोसें नव्हतें; तें त्याला हवेंच होतें. चाकांच्या गाड्या काढून ठेवून लोक घोड्यांच्या घसरगाड्या जोडीत, आणि दाबून घट्ट केलेल्या हिमावरून त्या उन्हाळ्यांतील गाड्यांपेक्षांहि सुरळीत धांवत. न्यू इंग्लंड प्रांतांतील गांवें हिम काढण्याऐवजीं घोडे जुंपलेले प्रचंड लाकडी रूळ त्यावरून फिरवीत. छप्पर असलेल्या लाकडी पुलांत हिम पडत नसे, म्हणून मजुरी देऊन बाहेरचें हिम फावड्यानें आंत पसरावें लागे! मोठ्या शहरांत हिम बाजूला सारण्यासाठीं घोड्यांचे नांगर निघाले. मिलवॉकी शहरांत १८६२ सालीं असा नांगर चालल्याची नोंद आहे. कांहीं शहरांनीं मीठ टाकून पाहिलें, तेव्हां रहिवाशांनीं कडक विरोध केला. मिठानें रस्ते खराब होतील, जोडे व कपडे नासतील, घसरगाड्यांची वाट बिघडेल, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. रस्त्यावरील मिठाचा पहिला जमाखर्च पायीं चालणाऱ्या लोकांनीं मांडला होता, आणि त्यांत खर्चाची बाजू त्यांना स्पष्ट दिसली होती.

मोटारीनें हें सारें पालटून टाकलें. घोड्याचा नाल बर्फांत रुततो; रबरी चाक त्यावरून निसटतें. प्रथम वाळू, राख व खडी यांवर भागविण्यांत आलें. वाळूचे ढीग हिंवाळ्यांत गोठून दगडासारखे होत, म्हणून त्यांत थोडें मीठ किंवा कॅल्शियम क्लोराइड मिसळीत. म्हणजे सुरुवातीला लवण हें वाळूचें चाकर होतें. १९४१-४२ च्या हिंवाळ्यांत न्यू हॅम्पशायर या संस्थानानें रस्त्यांवर मीठ टाकण्याचें सर्वसाधारण धोरण प्रथम स्वीकारलें. त्या हिंवाळ्यांत साऱ्या अमेरिकेच्या हमरस्त्यांवर मिळून सुमारें ५,००० टन मीठ पडलें. युद्ध संपलें, मोटारी वाढल्या, १९५६ च्या कायद्यानें आंतरराज्य महामार्गांचें जाळें विणलें जाऊं लागलें, आणि वादळ थांबल्यावर रस्ता उघडा व काळा दिसलाच पाहिजे, अशी लोकांची अपेक्षा रूढ झाली. १९७० च्या सुमारास अमेरिकेचा वार्षिक वापर १ कोटी टनांच्या घरांत पोंचला. एकविसाव्या शतकांतील कित्येक हिंवाळ्यांत तो २ कोटी टनांच्या आसपास गेला आहे.

अभियंत्याचें उत्तर या आंकड्यांतच आहे. कॅल्शियम क्लोराइड थंडींत अधिक चपळ असूनहि बहुतेक ठिकाणीं साध्या मिठाचीच निवड झाली, कारण तें फार स्वस्त होतें आणि जवळच मिळत होतें. डेट्रॉइट शहराच्या पोटांत अकराशें फुटांहून खोल मिठाची खाण आहे. क्लीव्हलंडची खाण ईरी सरोवराच्या तळाखालीं पसरली आहे. कॅनडांतील गॉडरिचची खाण ह्यूरन सरोवराखालीं. इंग्लंडांत चेशर परगण्यांतील विन्सफर्डच्या खाणीचें काम १८४४ सालीं सुरू झालें, आणि ब्रिटिश रस्त्यांना आजहि तिचें तांबूस सैंधव पुरतें. या निवडीनें माणसांचे प्राण वांचले, हेंहि मान्य केलें पाहिजे. मिलवॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठानें १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत मीठ टाकण्यापूर्वींच्या व नंतरच्या तासांतील अपघातांची तुलना केली होती. दुपदरी रस्त्यांवर त्यांचें प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक उतरल्याचें तींत आढळलें. रुग्णवाहिका, दूध, सरपण, शाळा हें सारें ज्या रस्त्यावर अवलंबून आहे, त्याच्या बाबतींत हा लाभ लहान नव्हे.

परंतु बर्फ वितळला म्हणजे मीठ संपलें असें होत नाहीं. तें पाण्याबरोबर वाहून जातें. काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून क्लोराइड आंत उतरतें, लोखंडी सळयांवरील संरक्षक पापुद्रा भेदतें आणि सळया गंजूं लागतात. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्या दाबानें काँक्रीटला तडे जातात व ढलपे निघतात. मुंबईच्या समुद्रकांठीं राहणाऱ्या कुटुंबांना खाऱ्या वाऱ्यानें इमारतींच्या गच्च्यांची व तुळयांची होणारी दशा परिचयाची आहे. समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या पुलांनाहि माणसानें आपल्या हातानें समुद्रकांठीं नेऊन बसविलें, असें म्हणतां येईल. १९७३ सालीं पेन्सिल्व्हानियांतील एका पुलांत प्रथमच राळेच्या जातीच्या कृत्रिम लेपानें मढविलेल्या सळया वापराव्या लागल्या, त्याचें कारण हेंच.

पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. सेंद्रिय घाण कुजून नाहींशी होते. क्लोराइड कुजत नाहीं, झिजत नाहीं, उडून जात नाहीं. अधिक पाण्यांत तें पातळ होतें, एवढेंच. न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टरजवळच्या आयरोंडेक्वॉइट उपसागरांत १९७० च्या वसंतांत शास्त्रज्ञांनीं एक विलक्षण प्रकार टिपला. थंड प्रदेशांतील खोल पाणी वसंतांत वरखालीं ढवळून निघतें, आणि त्या योगानें तळाच्या जिवांना प्राणवायु पोंचतो. येथें रस्त्यांवरून आलेलें खारें व जड पाणी तळाशीं असें बसून राहिलें कीं, हें ढवळणें पुरतें झालेंच नाहीं. पुढें त्या भागांत मिठाचा वापर आंवरला, तेव्हां स्थिति सुधारली. १९८८ सालीं अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें गोड्या पाण्यांतील जिवांसाठीं क्लोराइडची दीर्घकालीन मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम अशी सुचविली. हिशेब केला तर २० लिटरच्या बादलीभर पाण्यांत साडेसात ग्रॅम, म्हणजे चमचाभर मीठ पडलें कीं ही मर्यादा गांठली जाते. कॅनडानें २००१ सालीं रस्त्यांवरील लवणें पर्यावरणास विषारी ठरतात असा अधिकृत निर्णय दिला. त्या वेळीं त्या देशांत वर्षाकाठीं सुमारें ५० लक्ष टन लवणें रस्त्यांवर पडत होतीं.

माणसांच्या नळापर्यंतहि हें मीठ पोंचलें. २०१४ सालीं मिशिगनमधील फ्लिंट शहरानें पैसे वांचविण्यासाठीं ह्यूरन सरोवराचें पाणी सोडून नदीचें पाणी घेतलें. त्या नदींत क्लोराइड पुष्कळ अधिक होतें, आणि त्याच्या अनेक कारणांपैकीं रस्त्यांवरील मीठ हें एक होतें. गंज रोखणारें द्रव्य पाण्यांत घालावयास हवें होतें, तें घातलें गेलें नाहीं. जुन्या नळांतील शिसें पाण्यांत उतरलें आणि मुलांच्या पोटांत गेलें. ऑक्टोबर २०१४ मध्यें तेथील मोटारींच्या इंजिनांच्या एका कारखान्यानें सुटे भाग गंजतात म्हणून तें पाणी घेण्याचें थांबविलें. घरोघरच्या लोकांना मात्र तें पुढें वर्षभर प्यावें लागलें. मूळ दोष पाणीपुरवठ्याच्या कारभाराचा होता, यांत शंका नाहीं. पण रस्त्यावर टाकलेलें मीठ किती दूरवर जाऊन कोणाच्या दाराशीं उभें राहतें, हें त्या प्रकरणानें दाखविलें.

मग लवण बदलल्यानें सुटका होईल काय? हा मार्गहि चोखाळून पाहिला गेला. विमानांच्या धातूला क्लोराइड घातक म्हणून विमानतळांवर युरिया वापरीत. पण त्यांतून निघणारा अमोनिया नाल्यांतील माशांना मारक ठरला, आणि पुष्कळ ठिकाणीं त्याची जागा पोटॅशियम अ‍ॅसिटेटनें घेतली. सिर्क्याचें आम्ल व डोलोमाइट चुनखडी यांपासून केलेलें कॅल्शियम-मॅग्नेशियम अ‍ॅसिटेट लोखंडाला बरेंच सौम्य असतें. १९९१ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या वाहतूक मंडळानें त्याची व साध्या मिठाची सविस्तर तुलना केली. तेव्हां त्याची किंमत मिठाच्या वीसपटीहून अधिक निघाली, आणि तें लागतेंहि अधिक. शिवाय अ‍ॅसिटेट कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खर्ची पडतो. मॅग्नेशियम क्लोराइड थंडींत चांगलें, पण क्लोराइड तें क्लोराइडच. कांहीं नगरांनीं मिठाच्या पाण्यांत बीटच्या साखरेची मळी मिसळली. विस्कॉन्सिनमध्यें तर चीज भिजविलेलें खारें पाणीहि रस्त्यावर शिंपडून पाहिलें. यांनीं मीठ कमी लागतें, पण तें मुळींच लागत नाहीं असें होत नाहीं.

अखेर प्रगति झाली ती नवें लवण सांपडल्यामुळें नव्हे, तर प्रश्न निराळ्या रीतीनें विचारल्यामुळें. ‘किती बर्फ वितळवावा’ असें विचारण्याऐवजीं ‘बर्फ रस्त्याला चिकटूंच कसा नये’ असें अभियंते विचारूं लागले. रस्त्यावरचा सारा बर्फ मिठानें वितळविण्याची आवश्यकता नाहीं. त्याचा रस्त्याशीं असलेला बंध सुटला कीं उरलेलें काम नांगर करतो. त्यासाठीं वादळापूर्वींच २३ टक्क्यांचें मिठाचें पाणी रेघांरेघांनीं रस्त्यावर सोडतात. हें प्रमाण तेंच, ज्यावर साध्या मिठाचा गोठणबिंदु अगदीं तळाशीं जातो. ब्लॅग्डेनच्या मार्गानें मिळालेलें ज्ञान दोन शतकांनीं पाण्याच्या टाकींत उतरलें! कोरडें मीठ टाकावयाचेंच असेल तर तें आधीं भिजवितात, म्हणजे तें उसळून गटारांत जात नाहीं. हवेचा पारा न पाहतां रस्त्याचा पारा पाहतात, आणि त्याप्रमाणें मीठ तोलतात. १९९० नंतर हे उपाय अमेरिकेंत पसरले. जर्मनींतील अनेक शहरांनीं रहिवाशांना पदपथांवर मीठ टाकण्यास बंदीच केली आहे. तेथें खडी व फावडें यांवर भागवावें लागतें.

आपल्याकडे हिमालयांत १९६० सालीं स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेची यंत्रें दर वर्षीं घाटांतील हिम कापून वाट मोकळी करतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं रोहतांग खिंडीखालचा ९ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाल्यापासून हिंवाळ्यांतील रहदारी पूर्वीं जेथें पोंचत नसे तेथें पोंचूं लागली आहे. उघड्या, काळ्या रस्त्याची अपेक्षा तेथेंहि रुजली, तर मिठाचा प्रश्न तेथेंहि उभा राहील. आणि त्या डोंगरांचें पाणी खालच्या मैदानांना पुरतें, ही गोष्ट विसरतां येणार नाहीं.

कोणतें लवण सर्वांत परिणामकारक, या प्रश्नाला निरपेक्ष उत्तर नाहीं. बेताच्या थंडींत साधें मीठ, कडाक्यांत कॅल्शियम क्लोराइड, धातूची काळजी असेल तेथें अ‍ॅसिटेट, हें शास्त्र निःसंशय सांगतें. पण परिणाम म्हणजे केवळ वितळलेला बर्फ असें समजून जो हिशेब मांडला गेला, त्यांत पूल, विहीर व सरोवर यांच्या खात्यावर लिहिलेली रक्कम कोणी मोजली नाहीं. ती पुढच्या पिढीच्या माथीं आली. घसरगाडीच्या काळांत जोड्यांच्या व कपड्यांच्या नांवानें तक्रार करणाऱ्या नगरवासीयांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें. परंतु टाकलेलें मीठ कोठें तरी जातें, एवढें त्यांनीं ओळखलें होतें.